खोलीत काय चाललं आहे?

२००८ साली टोक्यो विद्यापीठाने डॉक्टरेटसाठी एक प्रबंध स्वीकारला. त्याच्या शीर्षकातच लेखकाचं नाव आहे. सातोशी फुकुशिमा या व्यक्तीची दृष्टी आणि श्रवणशक्ती कशी गेली, आणि बोटांवरच्या ब्रेलच्या आधाराने या व्यक्तीचा माणसांशी संवाद पुन्हा कसा उभा राहिला, हा प्रबंधाचा विषय. लिहिणारेही सातोशी फुकुशिमाच. स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात काळा काळ त्यांनी संशोधकाच्या शिस्तीने तपासला. कोणत्या दिवसांत नेमकं काय हरवलं, कोणत्या क्षणी काय परत आलं आणि ते कुणामुळे आलं, हे त्यांनी टप्प्याटप्प्याने मांडलं. त्याच वर्षी ते त्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

न दिसणाऱ्या आणि न ऐकू येणाऱ्या शिक्षितांचं नाव काढलं की आपल्याकडे हेलन केलर आठवते, आणि ते रास्तच आहे. शाळेच्या पुस्तकांतून तिची आणि अ‍ॅन सुलिव्हनबाईंची गोष्ट मराठी घरांत पोचलेली आहे. पण हेलनची दृष्टी आणि श्रवणशक्ती एकोणीस महिन्यांची असतानाच गेली. जग गमावण्याचा अनुभव तिला शब्दांत पकडता येण्यासारखा नव्हता, कारण तेव्हा तिच्याकडे शब्द फारसे नव्हतेच. फुकुशिमांचं तसं नाही. त्यांनी पाहिलं होतं, ऐकलं होतं, वाचलं होतं, गप्पा मारल्या होत्या. अठराव्या वर्षी, भाषा पूर्ण हाताशी असताना, त्यांच्याभोवतीची माणसं नाहीशी झाली. म्हणून ती पोकळी आतून कशी असते हे सांगणारा त्यांच्याइतका नेमका साक्षीदार क्वचितच सापडेल.

सातोशीचा जन्म १९६२ च्या डिसेंबरमध्ये जपानमधल्या कोबे शहरात झाला. तिसऱ्या वर्षी उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, नवव्या वर्षी डाव्या डोळ्याची. मुलगा मात्र खचला नाही. तो अंधशाळेत गेला, ब्रेल शिकला, आणि ऐकण्याच्या जगात रमला. पियानो वाजवायचा. राकुगो नावाची एक जुनी जपानी कथनकला आहे. तिच्यात उशीवर बसलेला एकच कलाकार आवाज बदलत सगळी पात्रं उभी करतो. हे कार्यक्रम तो आवडीने ऐकायचा. विज्ञानकथांचं त्याला वेड होतं. दिसत नाही, पण ऐकू येतंय, तेवढं पुरेसं आहे, असं त्याचं चाललं होतं. चौदाव्या वर्षी उजवा कान गेला. एका कानावर भिस्त ठेवून तो टोक्योला आला आणि त्सुकुबा विद्यापीठाशी जोडलेल्या अंधशाळेत पुढचं शिकू लागला.

१९८० च्या अखेरीस त्या उरलेल्या कानाचंही ऐकणं झपाट्याने कमी होऊ लागलं. सातोशी कोबेला घरी परतला. उपचार चालू होते, आहाराची पथ्यं चालू होती, व्यायाम चालू होता. काहीच लागू पडलं नाही. साधारण तीन महिन्यांत आवाज विरत विरत संपले.

त्या दिवसांबद्दल फुकुशिमांनी पुढे वारंवार एक गोष्ट सांगितली आहे, आणि हे सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. प्रकाश गेल्याचं आणि आवाज गेल्याचं दुःख होतंच. पण खरा घाव त्यांना वेगळ्याच ठिकाणी लागला. माणसांशी देवाणघेवाण थांबली. घरची माणसं ब्रेलयंत्रावर लिहून कागद हातात देत, तो वाचून सातोशी तोंडाने उत्तर देई, कारण त्याचं बोलणं शाबूत होतं. पण कागद वाचून संपला की पुन्हा काही नाही. समोर कुणी बसलंय की उठून गेलंय, चिडलंय की हसतंय, हेही कळायला मार्ग नाही. अंतराळाच्या पोकळीत एकट्याला सोडून दिल्यासारखं वाटायचं, असं त्यांनी म्हटलं आहे. अन्नपाण्यावाचून शरीर जसं तगत नाही तसं संवादावाचून मन तगत नाही, हे त्यांनी पुस्तकातून वाचलं नव्हतं. ते त्यांनी भोगलं होतं.

याच काळात त्यांनी एका मित्राला पत्र लिहिलं. आपल्या आयुष्याचं काही प्रयोजन असेल तर त्यासाठी या यातनेतून जाणं गरजेचं असेल, असं समजून ते सहन करायचं, असा त्या पत्राचा आशय आहे. लिहिणारा मुलगा अठरा वर्षांचा होता. पत्र पाठवता येत होतं, पण उत्तर ऐकता येणार नव्हतं.

१९८१ च्या मार्चमधली गोष्ट. इस्पितळात जायची तयारी चालली होती. आई, रेइको फुकुशिमा, स्वयंपाकघरात होत्या. मुलगा काहीतरी कुरकुरत होता आणि त्याला उत्तर द्यायचं होतं, पण ब्रेलयंत्र जवळ नव्हतं. त्यांनी मुलाची बोटं धरली आणि यंत्राच्या कळा दाबाव्यात तसं त्या बोटांवरच टिपून दिलं: सातोशी, कळतंय का? मुलाला कळलं.

ही युक्ती कशी चालते ते नीट पाहण्यासारखं आहे. ब्रेलच्या एका अक्षरघरात सहा ठिपक्यांची जागा असते, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. ब्रेलयंत्राला सहा कळा असतात. डाव्या हाताच्या तर्जनीखाली पहिला ठिपका, मधल्या बोटाखाली दुसरा, अनामिकेखाली तिसरा. उजव्या हाताला त्याच क्रमाने चौथा, पाचवा, सहावा. जे ठिपके हवेत त्यांच्या कळा एकदम दाबल्या की कागदावर एक अक्षर उमटतं. रेइकोंनी फक्त कळांच्या जागी मुलाची बोटं घेतली. इशिकावा कुराजी यांनी रचलेलं आणि १८९० साली स्वीकारलेलं जपानी ब्रेल अक्षरागणिक एक उच्चार दाखवतं, म्हणून ते या कामाला फार सोयीचं पडतं. ‘सातोशी’मधला ‘सा’ म्हणजे पहिला, पाचवा आणि सहावा ठिपका. डाव्या हाताची तर्जनी, उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका यांवर एकदम हलका दाब आला की ‘सा’ झाला.

आपल्याकडच्या भारती ब्रेललाही हेच सहा ठिपके आहेत, आणि मराठीसाठी १९५१ पासून तेच वापरलं जातं. त्यात ‘आ’ म्हणजे तिसरा, चौथा, पाचवा ठिपका आणि ‘ई’ म्हणजे तिसरा व पाचवा. म्हणजे डावी अनामिका, उजवी तर्जनी आणि उजवं मधलं बोट एकदम, मग डावी अनामिका आणि उजवं मधलं बोट, एवढ्या दोन स्पर्शांत ‘आई’ हा शब्द मराठीत बोटांवर उतरतो. ब्रेल जाणणाऱ्या कुणालाही यासाठी नवी लिपी शिकावी लागत नाही. सराव मात्र लागतो. सरावलेली माणसं जवळजवळ बोलण्याच्या वेगाने टिपतात, आणि दाबाच्या जोरावरून, लयीवरून, मध्येच थांबण्यावरून बोलणाऱ्याचा सूरही पोचवतात.

स्पर्शातून बोलण्याच्या पद्धती याआधीही होत्या. हेलनच्या तळहातावर सुलिव्हनबाई हाताच्या मुद्रांनी अक्षरं काढत. मोराव्हियात जन्मलेला कवी हिरोनिमस लोर्म तरुणपणी बहिरा आणि नंतर अंध झाला. त्याने १८८१ साली तळहातावरच्या बिंदूंची आणि रेघांची वर्णमाला रचली, आणि ती जर्मन भाषकांत आजही चालते. बोलणाऱ्याच्या ओठांवर आणि गळ्यावर हात ठेवून शब्द ओळखण्याची पद्धतही अमेरिकेत होती. रेइकोंचा शोध या मालिकेत बसतो. पण त्याच्यामागे ना संस्था होती, ना संशोधन. घाईच्या वेळी मुलाला उत्तर द्यायचं होतं, एवढंच निमित्त.

गोष्ट सांगणारे बहुतेकजण इथे थांबतात. आईच्या बोटांतून मुलाला जग परत मिळालं, असं म्हणून पडदा पाडतात. फुकुशिमा स्वतः असं म्हणत नाहीत. त्यांच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा भाग यानंतर सुरू होतो, आणि माझ्या मते त्यांची शिक्षक म्हणून थोरवी तिथेच आहे.

वसंतात सातोशी टोक्योच्या शाळेत परतला. शाळेतल्या मित्रांना ब्रेल येतच होतं, कारण ती अंधशाळाच होती. त्यांनी बोटांवरचं ब्रेल पटकन उचललं. आता त्याच्याशी बोलणारे पुष्कळ होते. आणि तरीही तो एकटा पडू लागला. कारण असं की कुणी त्याच्याशी बोलायला आलं तरच त्याला बोलणं मिळे. कुणी येऊन बोटांवर टिपे, ‘बरा आहेस ना?’ तो उत्तर देई. मग तो मित्र शेजारच्या मित्राशी बोलू लागे, आणि सातोशीच्या बोटांवर काहीच नसे. पाच जण गप्पा मारत बसलेत, हास्याचे फवारे उडतायत, आणि हा त्यांच्यामध्ये बसून कुणीतरी आपल्याला काही सांगेल याची वाट पाहतोय. संभाषणाचा विषयच माहीत नाही, तर त्यात तोंड घालणार कसं?

ऐकू येणाऱ्या माणसाच्या हे ध्यानातच येत नाही. आपल्याशी थेट बोललं जातं तेवढ्याचंच आपलं जग बनत नाही. बसमध्ये मागच्या बाकावर चाललेलं भांडण, स्वयंपाकघरातून येणारं आईचं आणि मावशीचं बोलणं, शिक्षक दुसऱ्या मुलाला रागावतात ते, बैठकीत दोघांचा वाद जुंपतो तेव्हा तिसरा गप्प का बसतो ते. आपल्यासाठी नसलेल्या या बोलण्यातूनच आपण माणसं ओळखतो, कधी बोलायचं आणि काय बोलायचं ते ठरवतो. ही सगळी आजूबाजूची चाहूल सातोशीला एकही शब्द देत नव्हती.

मग त्याच्या भोवतीच्या माणसांनी एक वेगळी गोष्ट सुरू केली. आपण काय म्हणतो ते टिपण्याऐवजी दुसरे काय बोलतायत ते टिपायचं. आधी बोलणाऱ्याचं नाव, मग त्याचे शब्द, जसेच्या तसे. अमुक म्हणाला हे, तमुक म्हणाली ते, सगळे हसले, अमुक उठून बाहेर गेला. सातोशी क्षणात गप्पांत शिरला. त्याला आता कुणी बोलावण्याची गरज उरली नाही. ऐकून, अंदाज घेऊन, योग्य जागी तो स्वतःच बोलू लागला.

फुकुशिमांनी या अनुभवातून तीन पायऱ्या मांडल्या. पहिली, संवादाचं साधन असणं. दुसरी, ते साधन वापरून बोलणारी माणसं असणं. तिसरी, आजूबाजूला जे चाललंय ते सतत आणि आपली भर न घालता पोचवणारा दुभाषी असणं. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस जिवंत राहतो, पण खोलीतला एक माणूस म्हणून तो मोजला जातो तो तिसऱ्या पायरीवर. जपानमधल्या बोट-ब्रेल दुभाष्यांचं आजचं शिक्षण याच धर्तीवर चालतं. सारांश सांगायचा नाही, गाळायचं नाही, ‘काही विशेष नाही’ असं म्हणायचं नाही. विशेष काय आणि क्षुल्लक काय हे ठरवण्याचा हक्क ऐकणाऱ्याचा आहे. एखाद्याच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यापर्यंत पोचणारं बोलणं चाळून घ्यायची सवय आपल्याला सगळ्यांना असते, म्हातारी माणसं असोत की मुलं. म्हणून हा नियम फक्त बधिरांध, म्हणजे दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या, व्यक्तींपुरता आहे असं मला वाटत नाही.

१९८१ सालीच शिक्षक ओसामू शिओया आणि चिबा विद्यापीठातले प्राध्यापक सुमिओ कोजिमा यांच्या पुढाकाराने सातोशीसोबत चालणारा एक गट उभा राहिला. दुभाष्यांची पाळी लावणं, पैसे जमवणं, पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवणं ही कामं लोकांनी वाटून घेतली. १९८३ मध्ये सातोशीने टोक्यो महानगर विद्यापीठात प्रवेश मिळवला. दोन्ही ज्ञानेंद्रियं गमावलेला जपानमधला तो पहिला विद्यापीठ-विद्यार्थी. विषय शिक्षणशास्त्र. एका विद्यार्थ्यासाठी जमलेला तो गट पुढे एका विद्यार्थ्यापुरता राहिला नाही. देशभरातल्या अशाच माणसांसाठी १९९१ साली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि दुभाषी तयार करून पाठवण्याचं काम सुरू झालं. फुकुशिमा १९९६ मध्ये कानाझावा विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक झाले, २००१ मध्ये टोक्यो विद्यापीठाच्या प्रगत विज्ञान-तंत्रज्ञान संशोधन केंद्रात आले. वर्गात ते स्वतःच्या आवाजात शिकवतात. शेजारी दुभाषी बसलेले असतात आणि विद्यार्थ्यांचे प्रश्न त्यांच्या बोटांवर उतरवत असतात. दुभाषी आळीपाळीने बदलतात, कारण हे काम थकवणारं असतं.

त्यांच्या विचारांकडे वळू. व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ नाझी छळछावण्यांतून वाचले होते. त्यांनी एक सूत्र मांडलं होतं: दुःखातून अर्थ वजा केला की उरते ती निराशा. फुकुशिमांनी हे सूत्र बीजगणितातल्यासारखं फिरवून पाहिलं. निराशा म्हणजे दुःख वजा अर्थ असेल, तर अर्थ म्हणजे दुःख वजा निराशा. आणि वजा निराशा म्हणजे आशा, असं धरलं, तर अर्थ म्हणजे दुःख अधिक आशा. अठराव्या वर्षी पत्रात जे चाचपडत लिहिलं होतं, तेच इथे दोन ओळींच्या गणितात आलं आहे.

पण याच माणसाने, दुःखाला अर्थ असतो असं म्हणत, इतरांवर लादलेल्या दुःखाकडे कधी डोळेझाक केली नाही. २००५ साली जपानमध्ये अपंगांच्या सेवांबद्दल नवा कायदा आला. त्यात सेवा घेणाऱ्याने खर्चाचा ठरावीक हिस्सा, साधारण दहा टक्के, स्वतः भरावा अशी तरतूद होती. सेवेचा लाभ मिळतो तर पैसे द्यावेत, हा त्यामागचा तर्क. सरकारच्या सल्लागार समितीवर असलेल्या फुकुशिमांनी त्याला कडाडून विरोध केला. चालणं, खाणं, बोलणं, शौचाला जाणं यांना लाभ म्हणायचं कसं? त्यांचा युक्तिवाद असा होता की काहीही गुन्हा नसताना माणूस तुरुंगात पडला आहे, आणि बाहेर पडायला त्याच्याकडूनच जामिनाचे पैसे मागितले जातायत. दुभाष्याच्या तासांना किंमत लावली की गरीब बधिरांध माणूस पैसे वाचवण्यासाठी बोलणं कमी करेल, हे त्यांना स्वतःच्या १९८१ वरून दिसत होतं.

२०१६ च्या जुलैमध्ये सागामिहारा शहरातल्या एका निवासी केंद्रात तिथेच पूर्वी काम केलेल्या तरुणाने एकोणीस अपंग रहिवाशांना ठार मारलं. अशी माणसं जगून उपयोग नाही, असं त्याचं म्हणणं होतं. फुकुशिमांनी या घटनेवर लिहिताना दोन खून वेगळे केले. एक शरीराचा. दुसरा माणूस म्हणून असण्याच्या अर्थाचा, जो ‘उपयोग काय’ या प्रश्नाने होतो. आणि मग त्यांनी तो दुसरा प्रश्न त्या तरुणापुरता ठेवला नाही. माणसाची किंमत त्याच्या उत्पादनक्षमतेवर मोजणारा समाज त्या विचारापासून किती दूर आहे, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. दुसऱ्यांच्या बोटांशिवाय ज्याचा एक दिवसही जात नाही, अशा प्राध्यापकाने हे विचारावं, याला वजन आहे.

जपानमध्ये २०१२ च्या सुमारास झालेल्या पाहणीत दृष्टी आणि श्रवण दोन्ही बाधित असलेल्यांची नोंद सुमारे चौदा हजार निघाली. त्यातले बरेचजण म्हातारपणी या अवस्थेला पोचलेले. रेइको आणि सातोशी या मायलेकांचा प्रवास २०२२ मध्ये चित्रपटातूनही आला, त्यात रेइकोंची भूमिका कोयुकी या अभिनेत्रीने केली.

आपल्याकडे मुंबईत बेरोझ वाच्छा यांनी १९७७ साली हेलन केलर यांच्या नावाने बधिर आणि बधिरांध मुलांसाठी संस्था सुरू केली. देशात अशा मुलांच्या शिक्षणाची वाट तिथून रुंदावली. हेलन स्वतः १९५५ मध्ये भारतात येऊन गेल्या होत्या. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात बहुविध अपंगत्वाच्या वर्गात बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आला, ही मोठी गोष्ट आहे. पण दुभाषी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय नाहीतर दूतावास येतो. कुणाच्या तरी शेजारी बसून लग्नाच्या मांडवातलं, ग्रामसभेतलं, वर्गातलं बोलणं त्याच्या हातावर उतरवणारा माणूस येत नाही. हे काम बहुतेक ठिकाणी घरातली बाई निभावते, विनामोबदला, आणि ती स्वयंपाकाला उठली की खोली पुन्हा गप्प होते.

घरात आजोबांना मोतीबिंदूनंतर नीट दिसत नाही आणि कानही गेलेत, अशी कितीतरी घरं आहेत. त्यांना ब्रेल येत नाही आणि आता शिकवणंही अवघड असतं. त्यांच्यासाठी सगळ्यात सोपी रीत म्हणजे तळहातावर बोटाने मोठी अक्षरं काढणं. एक अक्षर पूर्ण करायचं, क्षणभर थांबायचं, त्याच जागेवर पुढचं काढायचं. शाळेत देवनागरी गिरवलेल्या माणसाला ते थोड्या सवयीने कळतं. आधी खांद्याला किंवा हाताला हलका स्पर्श करून आपलं नाव सांगावं. मग कोण कोण बसलंय, कुणाचा विषय चाललाय, आत्ता हशा कशावरून पिकला, ते सांगावं. धाकट्या नातवाने काहीतरी खोडी केली असेल तर तीही. निघताना निघतो म्हणून सांगावं, आणि आपल्या जागी पुढे कोण बसणार त्याचं नाव तळहातावर लिहून मगच उठावं.